डॅशबोर्डमागची टकटक

३ नोव्हेंबर

बायकोने आज जेवताना सांगितलं की गाड्यांच्या गोष्टी मला ऐकवत बसू नका, कुठेतरी लिहून ठेवा. म्हणजे असंच काहीसं सांगितलं. हल्ली ती तोंडातल्या तोंडात बोलते. बॅटरीवाल्याने जानेवारीत दिलेली ही डायरी कोरीच पडली होती, तिला आता नोव्हेंबरात मुहूर्त लागला. दुपारी गॅरेज शांत असतं, तेव्हा लिहीन.

आज ताईची पिकअप आली. ताई म्हणजे माझी थोरली बहीण. तिची लाँड्री आहे. टेकडीवरचं हॉस्पिटल आणि आसपासची लॉजेस यांच्या चादरी, उशांचे अभ्रे धुवायचे, इस्त्री करायचे आणि रोज सकाळी पोचवायचे. दाजी होते तोवर गाडी ते चालवायचे, ते गेल्यावर ताईच चालवते. गाडी दाजींनीच घेतलेली, जुनी, पण इंजिन अजून शिस्तीचं आहे. त्यावर माझाच हात फिरतो ना.

ताईची तक्रार दोन. पहिली, समोरच्या काचेवर हवा येत नाही. नॉब काचेवर ठेवला तरी हवा पायाकडेच जाते. इस्त्रीच्या ऊन ऊन चादरींचे गठ्ठे ती थंडीत केबिनमध्ये शेजारच्या सीटवर ठेवते, त्यामुळे काच लगेच धुरकटते. ही तक्रार रास्त आहे. दुसरी तक्रार, डॅशबोर्डच्या मागे टकटक होते.

"किल्ली फिरवली की सुरू होते," ती म्हणाली. "कुणी नखाने पाट वाजवावा तशी. थांबते, परत वाजते."

मी आत बसलो, किल्ली फिरवली, पंखा चालू केला, बंद केला. काही नाही. खाली वाकून डॅशबोर्डला कान लावला. काही नाही.

"आत्ता वाजतंय ना रे!"

"तुझ्या बांगड्या असतील," मी म्हणालो आणि हसलो. तीही हसली, पण जरा उशिरा.

इतकी वर्षं मी गाड्या कानाने ओळखत आलो. बेअरिंग गेलं की मला रस्त्यापलीकडून कळतं. ताईच्या गाडीत टकटक असती तर ती आधी मला सांगितली असती.

५ नोव्हेंबर

पिकअपचं काम झालं. कुणाला गाडीतलं हे प्रकरण कळत नाही, म्हणून लिहून ठेवतो. वायपरच्या खाली एक जाळी असते, तिथून बाहेरची हवा आत येते. पंखा ती ढकलतो. मग ती एका प्लॅस्टिकच्या पेटीत जाते, त्या पेटीत झडपा असतात. झडप या अंगाला वळली तर हवा तोंडावर, त्या अंगाला वळली तर पायावर, आणखी वळली तर काचेवर. पूर्वीच्या गाड्यांत झडपेला तार असायची. या गाडीत एक छोटी मोटर झडप फिरवते. एवढंच.

जाळी उघडली तर आत पाला आणि चादरींची लव, इतकी की त्यात उंदराने सुखाने संसार थाटला असता. पंख्याच्या पात्यांवरही लव लिंपलेली. सगळं काढलं, धुतलं, वाळवलं. पंखा असा सुटला की सीटवरचा फडका उडाला. काचेवरही हवा आली. मी ताईचा हात काचेपाशी नेऊन दाखवला.

"आली रे," ती म्हणाली. मग म्हणाली, "टकटक आहेच पण."

मी ते कानामागे टाकलं.

९ नोव्हेंबर

आज मान खाली गेली. शाळेतल्या बाई स्कूटर घेऊन आल्या होत्या. काहीतरी सांगत होत्या, मी वाकून प्लग काढत होतो. त्यांच्या मुलीचं नाव ऐकू आलं आणि पुढचं 'गेली' असं काहीसं. मी उठून म्हणालो, "अरेरे, वाईट झालं हो." बाई बघतच राहिल्या. मुलगी परीक्षेत पहिली आली होती. शेजारच्या शेडमधला वायरमन हसून हसून स्टुलावरून पडायचा राहिला. माझे कान गरम झाले. लोकांनी जरा स्पष्ट बोलावं, शिक्षिकेने तरी.

घराची बेल पुन्हा बिघडली. बायको दारात ताटकळली होती. गेल्या महिन्यात बदलली ती बेल. हल्लीचा माल असाच.

१२ नोव्हेंबर

ताई परत आली. काचेवर हवा नाही. आज तिच्याबरोबर इस्त्रीवाल्या दोघी होत्या, हॉस्पिटलातून मळक्या चादरी घेऊन परत निघाल्या होत्या.

मी नॉब काढला. मागचा जोड हिरवट पडला होता, तो घासला. तरी नाही, म्हणून दुसरा नॉब बसवला आणि चारसहा वेळा इकडून तिकडे फिरवला. हवा काचेवर आली. सापडलं! नॉबच होता.

"ही बघ," मी म्हटलं.

"टकटक ऐकलीस का आता? फिरवताना किती वाजलं!"

उन्हाची तिरीप डोळ्यांवर येत होती, मागे गिऱ्हाईक खोळंबलं होतं, आणि माझ्या कामावर कुणी तिसऱ्यांदा तेच बोट ठेवलेलं मला खपत नाही. मी म्हणालो, "ताई, गाडीत काही वाजत नाही. तुला भास होतो. दाजी गेल्यापासून एकटी असतेस, डोक्यात काहीबाही घुमत राहतं. होतं असं."

मी हे प्रेमानेच म्हणालो. पण जरा मोठ्याने म्हणालो असेन, कारण मागे बसलेल्या दोघी एकदम गप्प झाल्या. ताईने माझ्याकडे पाहिलं, नॉबकडे पाहिलं. "असेल," म्हणाली आणि गाडी सुरू केली.

जेवताना तेच आठवलं. दाजींचं नाव काढायला नको होतं.

१५ नोव्हेंबर

चहा पिताना वायरमनला ताईच्या भासाबद्दल सांगितलं. तो म्हणाला, एकदा मला गाडी बघू द्या की. मी म्हटलं, वायरिंगचं काम नाही ते, मनाचं आहे. टायरवालाही तिथेच होता, त्याने मान डोलावली. त्याच्या मावशीला म्हणे भिंतीतून बोलणं ऐकू यायचं.

२० नोव्हेंबर

बायको लाँड्रीत गेली होती, तिने बातमी आणली. मला दोनदा सांगितली आणि तेही माझ्यासमोर उभं राहून, लहान पोराला सांगावं तशी. ताईने स्वतःचे कान तपासून घेतले. चादरी द्यायला जाते त्याच हॉस्पिटलात, मशीनवर. कान अगदी ठणठणीत निघाले.

मी म्हटलं, "बघ, म्हणजे कानात काही नाही. मी तेच सांगत होतो."

बायको माझ्याकडे बराच वेळ बघत राहिली आणि मग ताटं उचलायला लागली. तिला माझं काय खुपलं कळेना.

इस्त्रीवाल्या बायकांनी ताईला 'टकटक ताई' नाव ठेवलं आहे म्हणे. हे मात्र वाईट. पण बायकांच्या तोंडाला कोण हात लावणार? माझा त्यात काय संबंध?

२७ नोव्हेंबर

थंडी वाढली. गॅरेजमागच्या झाडावर यंदा पाखरं दिसतात, पण गात नाहीत. हवापाणी बदललं सगळं.

ताईचा फोन नाही. तक्रार नाही म्हणजे गाडी ठीक.

१ डिसेंबर

आज अक्षर लागेल तसं लागो.

सकाळी ताईने हॉस्पिटलच्या फाटकाच्या खांबाला गाडी ठोकली. बारीक पाऊस होता, थंडी होती, शेजारी गरम चादरींचा गठ्ठा होता. चढावरच्या शेवटच्या वळणात काच आतून पांढरी झाली. खांब गेला, आणि खांबालगतची वॉचमनची खुर्ची गाडीखाली चिरडून सपाट झाली. वॉचमन तेवढ्यात चिठ्ठी द्यायला आत गेला होता, म्हणून वाचला. मी पोचलो तेव्हा तो त्या खुर्चीकडे बघत नुसता उभा होता. मला म्हणाला, "मी रोज इथेच बसतो, साहेब." एवढंच म्हणाला. तेच परत परत.

ताईच्या कपाळाला टाके पडले, मनगट मुरगळलं. ती आत बाकावर बसली होती. मी जवळ बसलो. तिने विचारलं, "त्याला लागलं नाही ना?" मी नाही म्हटलं.

गाडी बघायला बाहेर आलो. आतून काचेवर हाताच्या रुंदीचा एक पट्टा पुसलेला होता आणि स्टेअरिंगवर ओला अभ्रा लोंबत होता. एका हाताने गाडी चालवत दुसऱ्या हाताने ती काच पुसत चढ चढली होती. नॉब बरोबर काचेच्या खुणेवर होता. मी बसवलेला नवा नॉब.

३ डिसेंबर

गाडी गॅरेजात ओढून आणली. मी बंपर खोलत होतो. वायरमन न विचारताच आत जाऊन बसला आणि त्याने किल्ली फिरवली.

"मिस्त्री, ही काय टकटक?"

मी दाराशी गेलो. "कुठली?"

"ही. ऐका ना."

मी ऐकलं. पंख्याची घरघर होती.

"थट्टा करू नकोस," मी म्हणालो. "दिवस बघ, प्रसंग बघ."

तो हसला नाही. हसला असता तर बरं झालं असतं. त्याने माझा हात धरला, डॅशबोर्डच्या खालून आत नेला आणि माझी बोटं त्या प्लॅस्टिकच्या पेटीवर दाबून धरली. बोटांखाली काहीतरी उडत होतं, नाडी उडावी तसं. थांबलं. पुन्हा उडायला लागलं. मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तो प्रत्येक ठोक्याला मान हलवत होता. त्याची मान आणि माझी बोटं यांचा ताल एकच होता.

मग त्याने माझा हात सोडला. आपल्या शेडमध्ये निघून गेला, आणि पुढे दिवसभर रेडिओ लावला नाही.

मी तसाच गाडीत बसून राहिलो. किल्ली बंद, चालू. बंद, चालू. बोटं लावली की आहे, काढली की नाही.

४ डिसेंबर

डॅशबोर्ड उतरवला. मोटर काढून उघडली. आतल्या दातेरी चाकाचे दात एका जागी झिजून तुटलेले. मोटर फिरायची, चाक त्या जागी घसरायचं आणि टक्कन आपटायचं. कधी पकड मिळाली तर झडप वळायची. मी नॉब खुळ्यासारखा फिरवला तेव्हा मिळाली, आणि मी सापडलं म्हणून टाळ्या पिटल्या. नवी मोटर घालायला दुपारसुद्धा लागली नाही. शिकाऊ माणसाने सांगितलं असतं, टकटक म्हणजे झडपेची मोटर. ताई पहिल्या दिवसापासून तेच सांगत होती. शब्दही तेच होते.

संध्याकाळी तिच्याकडे गेलो. वाटेत ठरवलं होतं की सगळं सांगायचं. तिने दार उघडलं, कपाळावर पट्टी, डोळ्याखाली निळं झालेलं. मी म्हणालो, "मोटर गेली होती. त्या दिवशीच गेली असणार, चढावर. आधी कळायला मार्गच नव्हता."

ती म्हणाली, "हो का."

असा माणूस मी. वॉचमनची ती खुर्ची डोळ्यांसमोर होती तरी माझ्या तोंडून हे निघालं.

६ डिसेंबर

बायकोला सांगितलं. सकाळी, ती केस विंचरत असताना. म्हटलं, मला वाटतं माझ्या कानांत काहीतरी झालंय. आरशातून तिचं तोंड दिसत होतं, म्हणून कळलं ती काय म्हणाली ते.

"दोन वर्षं झाली."

"मग बोलली का नाहीस?"

"अहो, कितीदा बोलले! तुम्हाला ऐकू नाही आलं."

हे म्हणून तिला हसू फुटलं आणि हसता हसता ती रडायला लागली. म्हणाली, तुम्ही बेल बदलत होतात, फोन बदलत होतात, माझ्यावर खेकसत होतात की नीट बोल. मी सरळ तोंडावर सांगितलं तेव्हा चार दिवस जेवणात लक्ष नव्हतं तुमचं. मग म्हटलं जाऊ दे, मीच मोठ्याने बोलेन. घसा दुखतो माझा.

मला ते चार दिवस आठवत नाहीत. की आठवायचे नाहीत, काय माहीत.

७ डिसेंबर

काही नाही. एका गाडीचा ब्रेक. गिऱ्हाइकाला म्हटलं, चालवून बघ आणि आवाज येतो का तूच सांग. त्याला वाटलं मी नम्रपणे बोलतोय.

१० डिसेंबर

हॉस्पिटलात गेलो. फाटकाचा खांब नवा बांधतायत. वॉचमनला नवी खुर्ची मिळाली आहे, ती त्याने खांबापासून लांब, पार भिंतीला टेकवून ठेवली आहे. मला बघून त्याने नमस्कार केला. मला हात वर करायला जड गेलं.

कान तपासणाऱ्या बाईंनी काचेच्या खोलीत बसवलं आणि हातात एक बटण दिलं. आवाज आला की दाबा. मी वाट बघत बसलो. किती वेळ काहीच येईना. मला वाटलं मशीन अजून चालू केलं नाही. काचेतून पाहिलं तर बाई माझ्याकडे बघत होत्या आणि त्यांचं बोट खाली वर होत होतं. म्हणजे त्या मघापासून वाजवत होत्या. मी लाजेने एक दोनदा उगीच बटण दाबलं. या वयात कॉपी केली. त्यांना ते कळलं असणार, कारण बाहेर आल्यावर त्या फार गोड बोलल्या.

बारीक, टोकदार आवाज मला येतच नाहीत. जाड आवाज येतात, इंजिनं वगैरे. बाईंनी विचारलं, ग्राइंडर चालवताना कानांना काही लावत होतात का? मी म्हणालो, कान झाकले तर गाडी ऐकायची कशी?

मशीन लावावं लागेल. माप घेतलंय, दोनेक आठवड्यांनी या म्हणाल्या.

११ डिसेंबर

ताईकडे दुपारी गेलो, म्हणजे ती एकटी असेल. ती एका हाताने अभ्रे घडी करत होती. मी उभ्याउभ्याच सांगून टाकलं, बसलो असतो तर राहून गेलं असतं.

"ताई, टकटक पहिल्या दिवसापासून होती. मला ऐकू येत नाही, म्हणून कळली नाही. आणि मोटर त्या दिवशी गेली हे मी खोटं सांगितलं. आधीपासूनच गेली होती."

तिने हातातला अभ्रा पुरा घडी केला, वरचा कोपरा जुळवला, बाजूला ठेवला.

"बस," म्हणाली. मी बसलो. ती माझ्या समोर येऊन बसली, तोंड दिसेल अशी. म्हणजे तिलाही माहीत होतं की माझ्याशी कसं बोलावं लागतं.

"माझे कान चांगले निघाले ना, त्या दिवशी मी घरी येऊन रडले. तुला वाटेल, का? अरे, कान चांगले, गाडीत काही नाही असं तू सांगितलेलं, आणि मला आवाज येतोच आहे. मग बिघडलं काय? डोकंच ना? तू गाड्यांतलं सांगितलंस की मी आजवर कधी शंका घेतली नाही. ते गेले तेव्हा गाडी विकायला सगळे सांगत होते, तू एकटा म्हणालास चालव, मी आहे. म्हणून चालवली."

मी घडी केलेल्या अभ्र्यांकडे बघत राहिलो.

"आणि त्या दिवशी चढावर काच पांढरी व्हायला लागली. थांबायला हवं होतं मी. पण मनात काय आलं सांगू? हाही भासच असेल. बाकीच्यांना दिसत असेल स्वच्छ, आपल्यालाच दिसत नसेल. म्हणून पुसत पुसत गेले पुढे. तो माणूस खुर्चीत असता तर?"

मी तिच्या पायाशी वाकायला गेलो, तिने खांद्याला धरून सरळ केलं. जोर होता हातात.

"ते नको. पाया पडून सुटका करून घेऊ नकोस. त्या बायका मला टकटक ताई म्हणतात, माझ्याच जागेत, माझ्या पाठीमागे. तोंड फिरवलं की टेबलावर नखं वाजवतात. ते तू सुरू केलंस. जा आणि निस्तर."

"मी काय सांगू त्यांना?"

"मला काय माहीत! मला सांगितलंस तेच सांग. की कबुली फक्त माझ्यापुढेच द्यायची?"

चहा विचारला नाही तिने. मला बरंच वाटलं.

१४ डिसेंबर

आज लाँड्रीत गेलो. तीन दिवस टाळत होतो. काल तिथल्या दारापर्यंत जाऊन आलो.

मोठी धुलाईची मशीनं फिरत होती, वाफ होती, इस्त्रीची टेबलं ओळीने लावलेली. ताई टोकाला खिडकीपाशी चादरी मोजत होती. तिने मला पाहिलं आणि मोजत राहिली. मी मधोमध उभा राहिलो. बायका थांबल्या. गॅरेजवाला भाऊ इथे कशाला, असं सगळ्यांच्या तोंडावर होतं.

मी म्हणालो, "ताईला भास होत नव्हता. गाडीत खरंच टकटक होती. मोटर मोडली होती. मला ऐकू आली नाही, कारण मी बहिरा आहे." हा शब्द मी पहिल्यांदाच स्वतःसाठी उच्चारला, तो नको तेवढ्या मोठ्याने निघाला असणार, कारण एक बाई दचकली. "आणि मी तिला सगळ्यांसमोर वेड्यात काढलं. तुमच्यातल्या दोघी तेव्हा गाडीत होत्या. चूक माझी. अपघातही माझ्यामुळे झाला."

त्या गाडीतल्या दोघींपैकी एक खाली मान घालून चादरीवर पाणी शिंपडायला लागली. दुसरी, जाडजूड, सगळ्यांत वयस्कर, ती काहीतरी म्हणाली. तिचे ओठ हलले, बाकीच्यांनी माझ्याकडे पाहिलं. एरवी मी अशा वेळी हसतो, किंवा "हो हो" म्हणतो. माझं ते ठरलेलं आहे.

मी म्हणालो, "मला ऐकू आलं नाही. परत सांगा."

ती इस्त्री उभी करून माझ्या अगदी जवळ आली आणि म्हणाली, "आम्ही हसलो त्यांना. तुमच्या एकट्याची नाही चूक."

मग ती ताईकडे गेली. तिथे काय बोलणं झालं ते मला कळलं नाही, आणि विचारायचा मला हक्क नव्हता. बाहेर येऊन भिंतीला टेकून उभा राहिलो. आतून कुणीतरी खिडकी उघडली आणि वाफ माझ्या तोंडावर आली.

१८ डिसेंबर

ताईने फोन केला. गाडी कधी मिळेल, एवढंच. मी म्हटलं, तयार आहे. काचेवरची हवा मी हाताने तपासली, टकटक वायरमनला शेजारी बसवून. त्याने अंगठा वर केला. त्याला म्हटलं, यापुढे प्रत्येक गाडी माझ्यानंतर तू ऐकायचीस. तो म्हणाला, मिस्त्री, तुमची बोटं चांगली आहेत. मला ते झोंबलं आणि बरंही वाटलं.

२३ डिसेंबर

ताई गाडी घेऊन गेली. दिवस चांगला होता. "बरी चालतेय," म्हणाली. अजून माझ्याकडे नीट बघत नाही. बघेल कधीतरी. नाही बघितलं तरी तक्रार करायला मला तोंड नाही.

२९ डिसेंबर

आज सकाळी हॉस्पिटलात मशीन मिळालं. दोन्ही कानांत. बाईंनी चालू केलं आणि मी घाबरलो. कागदाची घडी घातली त्यांनी, तर कुणी पत्रा वाकवतंय असं वाटलं. माझीच चप्पल वाजत होती. घसा खाकरला तर खोलीत दुसराच कुणी आहे असं वाटलं. सवय होईल म्हणाल्या.

बाहेर पडताना थंडी होती, मफलर कानांवरून गुंडाळला. खरं तर मशीन कुणाला दिसू नये म्हणून. फाटकात ताईची पिकअप उभी होती, चादरी देऊन ती परत निघाली होती. मला बघून तिने शेजारचं दार आतून ढकललं. न बोलता. एवढ्या दिवसांनी पहिल्यांदा. मी चढून बसलो. मशीनचं सांगणार होतो, पण तिने गिअर टाकला आणि मला सुरुवात कशी करावी ते सुचेना.

उतार सुरू झाला. काच स्वच्छ होती. हवा जाळीतून येताना सुसू करते हे मी विसरूनच गेलो होतो. बाहेरचं दव पुसताना वायपर कुईं करतात. मी ते ऐकत होतो, आणि त्यात आणखी एक आवाज होता. मला वाटलं रेडिओ. मग कळलं, ताई बोलतेय. समोर बघत, अगदी हळू, ओठ जेमतेम हलत होते.

"वळण आलं हं. अहो, पाहिलात ना, खांब नवा बांधला."

अहो म्हणण्यासारखं त्या गाडीत कुणी नव्हतं. मला ती अरे म्हणते.

"मनगट आता दुखत नाही. गाडी छान केलीय. धाकटा आज बसलाय शेजारी." गिअर बदलला तिने. "वाळलाय हो तो. रागावले होते मी त्याच्यावर, पण तुम्ही असतात तर म्हणाला असतात, आता पुरे. पुरेच करते. सांगत नाही त्याला, आणखी थोडे दिवस राहू दे तसाच."

माझ्या शेजारी बसून ती हे किती वर्षं बोलत असेल, ठाऊक नाही. मी शेजारी असलो काय, नसलो काय, तिला मोकळीकच होती. परक्या घराच्या खिडकीतून आत बघताना कुणी पकडला जावा तसं झालं मला. दाजींसाठी होतं ते. माझ्यासाठी त्यातला एक शब्दही नव्हता.

मफलर काढून सांगायला हवं होतं. सांगेन. उद्या सांगेन, किंवा सोमवारी. पण त्या क्षणी सांगितलं असतं तर ती गप्प झाली असती, आणि दाजीही.

तिने एकदम माझ्याकडे वळून मोठ्याने विचारलं, "काय रे, थंडी वाजतेय का?"

मी खिडकीबाहेर बघत राहिलो. तिने दुसऱ्यांदा, आणखी मोठ्याने विचारलं, तेव्हा कुठे वळलो आणि म्हणालो, "काय म्हणालीस?"